लाइट गेली तरी मिक्सर जागा हवा

पत्र : काका, मी आणि माझा चुलत भाऊ सांगली जिल्ह्यात साउंडचं काम करतो. जत्रा, गणपती, भजनी मंडळं आणि एक ऑर्केस्ट्रा कायमचा. गेल्या वर्षी जुना ॲनालॉग मिक्सर विकून ३२ चॅनेलचा डिजिटल घेतला. चैत्रातल्या एका जत्रेत कार्यक्रम रंगात आला आणि लाइट गेली. जनरेटर २०-२५ सेकंदांत लागला, पण मिक्सर नव्याने सुरू व्हायला वेळ गेला. सुरू झाला तेव्हा शेवटी शेवटी केलेले बदल पुसले गेले होते. गाणाऱ्यांना त्यांचाच आवाज ऐकवणाऱ्या मॉनिटर स्पीकरने अशी शिट्टी मारली की गाणाऱ्या मावशींनी माइक सोडून दोन्ही कान धरले. भाऊ म्हणतो, घरचा इन्व्हर्टर उचलून न्यायचा आणि सगळं त्यावर टाकायचं. माझ्याकडे कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस पडून आहे. त्याने काम होईल का? मिक्सर जळण्यापासूनही वाचेल का? आणि अभंग चालू असताना तो पीं-पीं करायला लागला तर?

उत्तर : काका म्हणालास, तेव्हा मीही अरे-तुरेच करतो.

आधी त्या मावशींबद्दल. मॉनिटर पायाशी असतो आणि त्याची शिट्टी थेट तोंडावर येते. त्यानंतर त्यांच्या कानात आवाज घुमत राहिला का, ऐकायला कमी येतंय का, हे तू विचारलंस की नाही ते पत्रात नाही. विचारलं नसेल तर आजच फोन कर, आणि त्रास असेल तर कानाच्या डॉक्टरकडे घेऊन जा. मिक्सरचं आपण त्यानंतर बघू.

जुन्या ॲनालॉग मिक्सरला काही लक्षात ठेवावं लागत नव्हतं. नॉब जिथे फिरवला तिथेच राहायचा, लाइट आली की आवाज तिथून पुढे चालू. डिजिटल मिक्सर म्हणजे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या कळा) लावलेला कॉम्प्युटर. वीज तुटली की तो झोपतो, आणि उठल्यावर शेवटचं जे साठवलेलं सापडेल ते मांडतो. काही मिक्सर चालू स्थिती ठरावीक वेळाने आपोआप साठवतात. पण त्या दोन साठवणींच्या मधे तू मावशींच्या मॉनिटरमधली शिट्टीची जागा कापली असशील, तर ती कापणी गेलीच. तुझ्याकडे नेमकं हेच झालं.

हे व्हायला वीज २०-२५ सेकंद जावी लागत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. मिक्सरच्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर साधारण एखाद्या आवर्तनापुरता दम धरतात. खंड त्याहून लांबला की प्रोसेसर बंद. लोकांना मांडवातला बल्ब नुसता मिचकलेला दिसतो, तेवढ्यात तुझा मिक्सर गेलेला असतो. साधा ऑफलाइन यूपीएस बॅटरीवर जायला १० मिलिसेकंदांच्या आसपास घेतो. तो मिक्सरच्या त्या दमात बसतो, म्हणून चालतो. ऑनलाइन यूपीएसला तेवढाही वेळ लागत नाही, कारण त्यातून मिक्सरला वीज कायम इन्व्हर्टरमधूनच मिळत असते.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर : हो, ६०० व्हीएच्या यूपीएसवर ३२ चॅनेलचा मिक्सर चालतो. बेहरिंजरच्या एक्स३२ चा वीजवापर कागदावर १२० वॅट आहे. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. अशा यूपीएसवर बहुधा ३६० वॅट लिहिलेलं असतं, तो आकडा बघायचा आणि त्याच्या निम्म्या-पाऊण भागाच्या आत राहायचं. आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-अवर. लेड बॅटरी इतक्या घाईने उपसली की त्यातलं साधारण निम्मंच हाती लागतं. म्हणजे नव्या बॅटरीवर १५-२० मिनिटं धर.

पण तुझा यूपीएस 'पडून आहे' असं तू लिहिलंस, ते मला खटकलं. बंद पडून राहिलेली लेड बॅटरी आतून मरते. दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी ती चार्ज करावी लागते. रोजच्या वापरातलीही आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन वर्षांवर भरवशाची राहत नाही. हिरवा दिवा लागला म्हणजे बॅटरी चांगली असं समजू नकोस. नवीन बॅटरी घाल, आठ-दहा तास चार्ज कर, मग मिक्सर लावून घड्याळ घेऊन बस आणि किती मिनिटं निघतात ते यूपीएसवर मार्करने लिही, तारखेसह.

आता भावाचा इन्व्हर्टर. त्याचं म्हणणं मी समजू शकतो, मोठी बॅटरी दिसते आणि धीर येतो. पण घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी ५० किलोच्या घरात जाते आणि तिच्यात ॲसिड हिंदकळत असतं. टेम्पोत ती मिक्सरच्या शेजारी ठेवायची वस्तू नाही. दुसरं, बऱ्याच इन्व्हर्टरला मागे यूपीएस आणि नॉर्मल अशी कळ असते. नॉर्मलवर तो बदलायला जास्त वेळ घेतो, मिक्सर तेवढ्यात बंद पडू शकतो. शिवाय त्या कळीवर तो २८०-२९० व्होल्टपर्यंत आलेली वीज तशीच पुढे सोडतो. पंख्याला ते सोसतं, तुझ्या मिक्सरला सोसायचं कारण नाही. इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हचा असेल तर वायरलेस माइकच्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरमधून घरघर येईल ती वेगळीच. आणि 'सगळं त्यावर' हे तर नाहीच. ॲम्प आणि पॉवर्ड स्पीकर यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर टाकायचे नाहीत. ढोलकीच्या एका थापेला ते जेवढा करंट ओढतात, त्याने लहान यूपीएस ओव्हरलोड होऊन बंद पडतो आणि मिक्सरलाही घेऊन जातो.

यूपीएसवर जाते ती आवाजाची नाजूक साखळी : मिक्सर, स्टेज बॉक्स (स्टेजवरचे माइक ज्यात जोडतात ती पेटी), वायरलेस रिसीव्हर, इन-इअरचे (कानात घालायच्या मॉनिटरचे) ट्रान्समीटर, ट्रॅक वाजवणारा लॅपटॉप आणि वायफायचा राउटर. राउटर विसरू नकोस. उद्या तू एक्सआर१८ सारखा फेडर नसलेला मिक्सर घेतलास आणि राउटर बाहेरच्या बोर्डावर राहिला, तर मिक्सर चालू पण तुझ्या हातातला टॅब मुका, अशी अवस्था होईल. स्टेज बॉक्स स्टेजवर आणि तू मांडवाच्या दुसऱ्या टोकाला असलास तर त्याला तिथेच दुसरा छोटा यूपीएस दे. नाहीतर मिक्सर जागा राहील आणि माइक सगळे झोपलेले. त्यातून स्टेज बॉक्स पुन्हा सुरू होताना कंडेन्सर माइकला लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा परत चढतो आणि चॅनेल उघडे असतील तर धाडकन आवाज येतो. हे सगळं एका ठिकाणी असेल तर बेरीज अडीचशे वॅटपर्यंत जाते. मग १ केव्हीएचा, दोन बॅटऱ्यांचा यूपीएस घे, शक्यतो प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे लाइनसारखीच गुळगुळीत वीज देणारा. पैसे पुरत असतील तर ऑनलाइन. त्याचा पंखा सतत चालतो, म्हणून तो संवादिनीच्या माइकजवळ ठेवायचा नाही, इतकंच.

दुसरा प्रश्न माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा आहे. जळण्यापासून वाचेल का? यूपीएसवर भरवसा ठेवून हा प्रश्न सोडू नकोस. मिक्सर बंद पडतो तो लाइट गेल्यामुळे. जळतो तो बहुतेकदा न्यूट्रल सुटल्यामुळे.

माझा एक मिक्सर असाच गेला आहे. घाटावरच्या एका गावात उरुसाचा कार्यक्रम होता. थ्री फेज जनरेटर, साउंडला एक फेज, लाइटला दोन. संध्याकाळी मी व्होल्टेज मोजलं होतं, २३२ होतं, मी निर्धास्त झालो. रात्री कार्यक्रम अर्ध्यावर असताना लाइटवाल्याने समोरचे सगळे पार (स्टेजचे मोठे दिवे) एकदम पेटवले आणि माझ्या टेबलाखालून अडॅप्टर जळाल्याचा वास आला. पाठोपाठ मिक्सरचा डिस्प्ले गेला. जनरेटरच्या पॅनेलमध्ये न्यूट्रलचा नट सैल होता. तापून तापून त्याने संपर्क सोडला. करंट जास्त झाला की वीज तोडणारे एमसीबी होते, एकही पडला नाही. मी तेव्हा बरीच वर्षं या कामात होतो आणि एमसीबी आहे म्हणजे आपण सुरक्षित आहोत असंच मानत होतो.

काय होतं ते नीट समजून घे. तीन फेजचा परतीचा रस्ता एकच, न्यूट्रल. तो तुटला की दोन फेजवरचा लोड एकमेकांच्या मालिकेत येतो आणि त्यांच्यामध्ये ४०० हून जास्त व्होल्ट असतात. ज्या फेजवर लोड जास्त, तिथलं व्होल्टेज कोसळतं. ज्या फेजवर लोड कमी, तिथे ३००-३५० पर्यंत चढतं. लाइटच्या मानाने हलक्या लोडवर असतो तो साउंडवाला. मिक्सरचा सप्लाय बनवलेला असतो १०० ते २४० व्होल्टसाठी. एमसीबी बघतो करंट, व्होल्टेज त्याला दिसतच नाही. सर्व्हो स्टॅबिलायझरची मोटर फिरेपर्यंत काम तमाम झालेलं असतं. यूपीएस रिले सोडून बॅटरीवर जायचा प्रयत्न करतो, पण त्याची स्वतःची पुढची बाजू त्या व्होल्टेजला उघडीच असते. नशीब चांगलं असेल तर यूपीएस जळून मिक्सर वाचतो.

म्हणून तुझ्या पॉवर बॉक्समध्ये, यूपीएसच्याही आधी, ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घे. एमसीबीच्या पट्टीवर बसतो, त्यावर व्होल्टेजचा आकडा दिसतो, ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेलं की तोडतो आणि परत जोडताना काही सेकंद थांबतो. ४०० व्होल्ट सोसणारा आहे ना, एवढं दुकानात विचारून घे. काही हजारांची वस्तू आहे. माझा मिक्सर गेला तेव्हा माझ्याकडे ती नव्हती, आणि त्या एका रात्रीची भरपाई करायला मला दोन हंगाम लागले.

आणि मोजायला शिक. मल्टिमीटर लावून फेज-न्यूट्रल २२० ते २४० च्या दरम्यान हवं. फेज-अर्थही जवळपास तेवढंच. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ शंभर-सव्वाशे दाखवत असेल तर त्या पिनमध्ये अर्थ नाहीच, नुसतं भोक आहे. मग लाइटवाल्याला सांग, बाबा, तुझे सगळे पार एकदा पूर्ण पेटव, आणि पुन्हा मोज. त्याचा लोड चढल्यावर तुझ्या फेजचं व्होल्टेज थोडं उतरलं तर समजण्यासारखं आहे. वर चढलं, तर न्यूट्रल कच्चा आहे. मिक्सरची पिन काढ, जनरेटरवाल्याला बोलाव, नट आवळून घे, मगच पुढे. पॅनेलला स्वतः हात लावू नकोस, ते वायरमनचं काम. हे सगळं महावितरणच्या तात्पुरत्या जोडणीवर एकदा आणि जनरेटरवर एकदा, असं दोनदा मोजायचं. तुझ्या त्या जत्रेत जनरेटर पहिल्यांदा लागला तो कार्यक्रम चालू असताना, असं तुझ्या पत्रावरून दिसतं. तो संध्याकाळीच पाच मिनिटं चालवून बघायला हवा होता. मंडळवाले डिझेलसाठी कुरकुरतील. तरी आग्रह धर.

मिक्सरची वीज स्टेजच्याच बॉक्समधून ओढून ने, जवळच्या दुकानातून किंवा देवळाच्या बोर्डातून घेऊ नकोस. दोन ठिकाणचे अर्थ वेगळे पडले की केबलच्या शील्डमधून करंट वाहतो. तुला तो घरघर म्हणून ऐकू येतो, आणि गायकाला कधी माइकच्या जाळीला ओठ लागल्यावर झटका म्हणून बसतो. घरघर घालवायला अर्थची पिन मोडणारे लोक मी पाहिलेत. ते कधीही करू नकोस. आकडा टाकलेली वीज असेल तर कार्यक्रम नाही म्हणून सांग.

जनरेटरवर तुझा यूपीएस टकटक करत सारखा बॅटरीवर जायला लागला तर घाबरू नकोस. लहान जनरेटरची गती लोडप्रमाणे वर-खाली होते, फ्रिक्वेन्सी हलते, आणि स्वस्त यूपीएसला ते खपत नाही. काही यूपीएसमध्ये संवेदनशीलता कमी करायची सोय असते. नसेल तर जनरेटरवाल्याकडून गती नीट लावून घे. तसंच गावात संध्याकाळी शेतीचे पंप लागले की व्होल्टेज १७०-१८० वर येतं. साधा ऑफलाइन यूपीएस अशा वेळी गुपचूप बॅटरी खात बसतो आणि मध्यंतरापर्यंत रिकामा होतो. लाइन-इंटरॅक्टिव्ह प्रकारचा यूपीएस बॅटरीला हात न लावता व्होल्टेज उचलून देतो. तुमच्या भागासाठी मी तोच घेईन.

एक साधी गोष्ट, जिच्यामुळे यूपीएस असूनही मिक्सर पडतात : सैल पिन. यूपीएसच्या मागच्या सॉकेटची पकड ढिली असते, बेसच्या थरथरीने थ्री पिन टॉप हळूहळू बाहेर येतो. मिक्सरमागची वायरही तशीच. दोन्ही ठिकाणी टेप मार, वायरला ढील देऊन टेबलाच्या पायाला बांध. यूपीएस जमिनीवर नको, लाकडी फळीवर ठेव, मांडवात पाणी शिरतं. पुढचं बटण कुणाच्या पायाने दाबलं जाणार नाही अशा बाजूला.

आता लाइट गेल्यावर पहिला मिनिट, कारण यूपीएस घेऊनही लोक इथेच चुकतात. मिक्सर जागा आहे, फेडर वर आहेत, माइक उघडे आहेत, आणि ॲम्प मेलेले. वीज परत आली की ॲम्प एकदम जागे होतील, तेही धडक्यासह. म्हणून लाइट गेली की पहिला हात म्यूट ग्रुपवर : मेन आणि सगळे मॉनिटर एका बटणावर आधीच बांधून ठेव. तेवढ्यात भावाने ॲम्प रॅकचा एमसीबी खाली ओढायचा. ढोलकी-तबला बंद करू नका म्हणून वादकांना हाताने खूण करायची, त्यांनी ठेका धरला की लोक जागेवर बसतात. जनरेटर लागला की लगेच उडी मारायची नाही. मीटरवर आकडा अर्धा मिनिट स्थिर दिसू दे. मग ॲम्प चालू, मग म्यूट काढायचा, पण मेन फेडर खाली घेऊन, गाण्याच्या ओळीबरोबर हळूहळू वर. मॉनिटर सगळ्यात शेवटी. सात-आठ मिनिटं झाली आणि वीज आली नाही, तर सीन, म्हणजे मिक्सरची त्या वेळची सगळी मांडणी, सेव्ह कर आणि मिक्सर रीतसर बंद कर. बॅटरी संपून तो आपोआप पडला तर यूपीएसचा काही उपयोग झाला नाही. पेनड्राइव्हवर रेकॉर्डिंग चालू असेल तर आधी ते थांबव, अर्धवट राहिलेली फाइल पुष्कळदा उघडत नाही. एक्स३२ च्या एक्स-लाइव्ह या रेकॉर्डिंगच्या कार्डात तर याचसाठी छोट्या सीआर१२३ए सेलची जागा दिली आहे. वीज गेली तरी तेवढ्या सेलवर फाइल नीट बंद होते.

याची तालीम साउंडचेकमध्ये करायची. यूपीएसची पिन उपटून नाही, पिन उपटली की अर्थही सुटतो. बोर्डावरचं बटण बंद कर, त्याने फेज तुटते आणि अर्थ जागेवर राहतो. मिक्सर हलला नाही, टॅब जोडलेला राहिला, स्टेज बॉक्सचा दिवा तसाच आहे, एवढं बघ. दोघा भावांनी दोन वेळा केलंत की हात आपोआप वळतील. आणि साउंडचेक संपला की सीन सेव्ह करायची सवय लाव. मध्यंतरात पुन्हा एकदा.

राहिला पीं-पीं. बऱ्याच यूपीएसमध्ये बॅटरीवर असताना पुढचं बटण थोडंसं दाबलं की तो गप्प होतो, पण किती दाबायचं ते घरीच पाहून ठेव. जास्त वेळ दाबलं गेलं तर तोच यूपीएस बंद होतो. काहींचा आवाज संगणकाला जोडून कायमचा बंद करता येतो. यातलं काहीच नसेल तर यूपीएस तुझ्या टेबलाखाली, मागे हवा खेळेल अशा उघड्या पेटीत, तोंड प्रेक्षकांच्या उलट बाजूला करून ठेव. मिक्सरच्या टेबलाशी तो चार फूट लांब बसलेल्याला ऐकू येईल, गाणाऱ्याच्या माइकमध्ये जाणार नाही.

मावशींचा कान कसा आहे ते मला नक्की कळव.